कपाटातल्या डिस्कवरचा फोटो

या सदरातले अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी एक होतो, हे आधीच सांगून टाकतो. बायको मोठ्याने वाचायची आणि मी मध्येच विचारायचो, "हायवेवर लिफ्ट मागणाऱ्या त्या बाईला इतक्या वर्षांत एक रिक्षा मिळू नये?" तिचा मूड जायचा, माझी करमणूक व्हायची. देवाला नमस्कार करतो, घरात नारळ फोडायलाही माझी ना नसते, पण भूत, करणी, झपाटणं... छे! मी कॉम्प्युटरवाला माणूस. गोष्ट घडली तर तिची कुठेतरी नोंद असते आणि नोंद नसेल तर ती घडलेलीच नाही, इतकं सरळ माझं डोकं.

पण नोंद आहे आणि गोष्ट घडणं शक्यच नाही, असं झालं तर? माझ्या बाबतीत तेच झालं. म्हणून आज लिहायला बसलोय. यात रात्र नाही, स्मशान नाही, कुत्री रडत नाहीत. जे झालं ते दिवसाढवळ्या, विरार पूर्वेला मनवेलपाड्यात, एका फोटो स्टुडिओच्या पोटमाळ्यावर झालं. साल २००५. ज्या पावसाळ्यात आपल्यापैकी अर्ध्या लोकांच्या घरात पाणी शिरलं, तोच पावसाळा.

स्टुडिओ माझ्या दाजींचा, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा. आम्ही सगळे मूळचे साताऱ्याकडचे. मी तेव्हा अंधेरीला एका कंपनीत बॅकअपच्या कामाला होतो, रात्रपाळी. सकाळी येऊन झोपायचो आणि दुपारी दाजींकडे चहाला. दुकान तसं छोटंसंच. पुढे काउंटर, मागे निळा पडदा, आरसा, कंगवा, पावडरचा डबा आणि खुंटीवर एक काळा कोट. पासपोर्ट फोटोला येणारा प्रत्येक पुरुष तोच कोट घालायचा. त्या काळातल्या विरार पूर्वेच्या निम्म्या पुरुषांचे फोटो काढून बघा, कोट एकच निघेल. बाह्या कुणाला लांब, कुणाला तोकड्या, पण रुबाब सगळ्यांचा सारखा.

दाजींनी डिजिटल कॅमेरा घेतला तेव्हा मी मोठ्या हौसेने त्यांना बॅकअपची सिस्टिम बसवून दिली. खाली काउंटरवर मुख्य कॉम्प्युटर, वर पोटमाळ्यावर जुना एक. खाली फोटो सेव्ह झाला की लगेच त्याची प्रत वर जायची. फोटो कापला, रंग बदलला, पुन्हा सेव्ह केला, की तीही प्रत वर. आधीची पुसली जायची नाही. म्हणजे एकाच फोटोची पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी रूपं वर जमा. दाजी म्हणायचे, "अरे, लग्नात नवरीचे एवढे कपडे बदलत नाहीत!"

आता यात एक मेख असते. वर जमा होणाऱ्या फाइलींना नावं नसतात, नुसते आकडे. कोणता आकडा कुणाचा फोटो, कधीचा, कितवा, हे सगळं एका वेगळ्या इंडेक्समध्ये लिहिलेलं असतं. मेटाडेटा म्हणतात तो हाच. धोबी कपड्याच्या कोपऱ्यात शाईने खूण करतो ना, तसं. खुणा धुऊन गेल्या तर कपडे सगळे शाबूत असतात, एकही हरवलेला नसतो, आणि तरी कुणाचं काय ते धोब्यालाही सांगता येत नाही.

दाजींची खूण करायची पद्धतही खास विरारची. गिऱ्हाइकाचं नाव ते नंतर टाकायचे, आधी बिल्डिंगचं. "पाटील काय, ढिगाने येतात. बिल्डिंग लिहिली की माणूस सापडतो." कागदावर बरोबर वाटतं. पण इथल्या बिल्डिंगा म्हणजे साई कृपा, साई दर्शन, साई छाया, साई श्रद्धा, आणि पुढच्या गल्लीत पुन्हा साई कृपा. त्यात भाडोत्री माणसं. अकरा महिन्यांचा करार संपला की बाडबिस्तरा उचलून दुसऱ्या साईकडे. जुन्या फोटोची प्रत मागायला आलेल्या माणसाला आपण फोटो काढला तेव्हा कोणत्या साईच्या आश्रयाला होतो, तेच आठवायचं नाही. मी दाजींना चिडवायचो, "दाजी, तुमचं रेकॉर्ड शिर्डीला ठेवा, तिथेच लवकर सापडेल."

मग तो पाऊस झाला. दुकानात काउंटरपर्यंत पाणी. खालचा कॉम्प्युटर बुडाला, कॅमेरा गेला, तो ऐतिहासिक कोटही गेला. पोटमाळ्यावरचा कॉम्प्युटर मात्र कोरडा राहिला. पण पाणी चढत असताना अचानक लाइट गेली, यूपीएसची बॅटरी आधीच मेलेली, आणि नेमका त्याच वेळी इंडेक्स लिहिला जात होता. अर्धवट राहिला. पाणी ओसरल्यावर मी मशीन चालू केलं तर सगळे फोटो जागच्या जागी आणि एकालाही नाव नाही. खूण धुतली गेली होती. मी सगळ्या फाइली एका नव्या डिस्कवर उतरवून घेतल्या आणि दाजींना म्हटलं, "चेहरे आहेत, माणसं हरवली."

दाजींनी उसन्या कॅमेऱ्यावर दुकान पुन्हा चालू केलं आणि काही दिवसांनी वनिताताई आल्या.

मी काउंटरपाशीच होतो. तिशीच्या आतबाहेरची बाई, साधी सुती साडी, डाव्या मनगटावर हिरवं गोंदण. मधोमध एक ठिपका, भोवती ठिपक्यांची फुली. माहेर खाडीकडच्या भातशेतीवाल्या गावातलं. त्यांच्या बोलण्यात ण नव्हताच, ळही नव्हता. "दादा, जुना फोटो मिलंल का? माझ्या पोरीचा. शालंत नाव घालायचं होतं तवा काढलेला."

दाजींनी सवयीने विचारलं, "बिल्डिंग कोणती?"

"आता चंदनसारला ऱ्हातो. तवा... साई छाया. नाय, साई छायाला आमी नंतर आलो. त्याच्या आधी..." त्या बोटांवर मोजत राहिल्या. शेवटी मान हलवली. "नाय आठवत."

"काय आहे ताई, पाण्यात आमचं सगळं रेकॉर्ड गेलंय," दाजी म्हणाले, "तुम्ही असं करा, पोरीलाच घेऊन या. नवीन काढतो छानपैकी. जुना हवाय कशाला?"

धंद्याचं वाक्य हो. दिवसातून चार वेळा तोंडात येणारं. त्या बाईने दाजींकडे बघितलं, रागाने नाही. "ती नाय आता," त्या म्हणाल्या.

पोरीचं नाव प्रणाली. त्या म्हणायच्या प्रनाली. पहिलीत होती. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत गेली, त्याला दीड-दोन वर्षं झाली होती. घरात एक अल्बम होता आणि भिंतीवर एक फ्रेम. तळमजल्याची खोली, दोन्ही पाण्यात गेले. शाळेतल्या फॉर्मवर एक फोटो होता, पण शाळेच्या ऑफिसातल्या कागदांचाही लगदा झाला होता. उरलं होतं ते फक्त आमच्या पोटमाळ्यावर. माझ्या धंद्यात प्रणाली म्हणजे सिस्टिम. एरवी मी यावर काहीतरी फालतू विनोद केला असता, त्या दिवशी जीभ उचलली नाही.

दाजींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "काहीही कर, पण हा फोटो शोधून दे. माझ्या तोंडून गेलं ते गेलं." मी म्हटलं, बघतो.

मग आमच्या दुपारी सुरू झाल्या. इंडेक्स दुरुस्त होईना. जो तुकडा वाचला होता त्यात साई, साई आणि साई. शेवटी एकच मार्ग उरला, सगळे चेहरे एकेक करून बघायचे. मी रात्रपाळीची झोप आटोपून यायचो, वनिताताई चंदनसारहून चालत यायच्या, आणि पोटमाळ्यावर वाकून बसून आम्ही पडद्यावर चेहरे सरकवत राहायचो. कोटवाले पुरुष, कोटवाले पुरुष, नवी नवरी, बारावीची मुलं, पुन्हा कोटवाला. मध्येच रिबिनी बांधलेली एखादी मुलगी आली की त्या पुढे झुकायच्या. एक हात टेबलावर टेकलेला, गोंदण माझ्या डोळ्यांसमोर. "नाय," म्हणायच्या आणि मी पुढे जायचो. रोज दुपार कलली की मात्र त्या घाईने उठायच्या. "घरी ग्येलं पायजे." मला वाटायचं, दुसरं मूल असेल.

असे बरेच दिवस गेले. निम्म्याहून जास्त फोटो झाले होते. एका दुपारी रिबिनीवाली मुलगी आली आणि ताई काहीच बोलल्या नाहीत. मी थांबलो. त्या नुसत्या बघत होत्या. मग मला म्हणाल्या, "दादा, ही तर नसंल?"

मी गोंधळलो. "म्हणजे? तुम्हीच सांगायचं ना ताई."

त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "मना तिचा चेहरा आठवत नाय. रिबिनी आठवतात. गुडघ्याला लागलेलं आठवतं. हसायची तो आवाज येतो कानात. चेहरा नाय येत. फ्रेम गेल्यापासून रोज थोडा थोडा गेला." आणि मग पदर तोंडाला लावून, "मागं निघून ग्येली असंल का रं ती? आनि मी नाय म्हनलं असंल?"

खरं सांगतो, इतके दिवस मी समजत होतो की आपण एक फोटो शोधतोय. या बाईची पोरगी दुसऱ्यांदा जात होती, डोळ्यांदेखत, आणि माझ्या हातात आकडे लिहिलेल्या फाइलींचा ढीग. त्या उठल्या. जाताना म्हणाल्या, "आता दिवालीनंतर येते. नवरा म्हनतो पुरं झालं." मी अडवलं नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी एकटाच वर बसलो होतो. काय करावं सुचत नव्हतं म्हणून फाइलींची यादी वेगवेगळ्या तऱ्हेने लावून बघत होतो. विंडोज प्रत्येक फाइलबद्दल तीन वेळा लिहून ठेवतं. फाइल तयार कधी झाली, बदलली कधी, आणि शेवटची उघडली कधी. मी सगळ्या एकदमच उतरवल्यामुळे पहिल्या दोन वेळा बिनकामाच्या होत्या. तिसऱ्या रकान्यावर सहज क्लिक केलं, शेवटची उघडलेली सगळ्यात वर. अपेक्षा अशी की आम्ही दोघांनी बघितलेल्या फाइली त्या त्या दुपारच्या निघतील.

तशा निघाल्या. पण त्यांच्याही वर एक फाइल होती. आम्ही अजून पोचलोच नव्हतो अशा भागातली. ती उघडल्याची वेळ होती आदल्या दिवशीची, दुपार कलतानाची.

आदल्या दिवशी मी स्टुडिओत आलोच नव्हतो. आणि त्या दुपारभर मनवेलपाड्यात लाइट नव्हती. लोडशेडिंग.

मी फाइल उघडली. निळा पडदा. एक सहा-सात वर्षांची मुलगी, दोन वेण्या, रिबिनी, गणवेशाची कॉलर एका बाजूने दुमडलेली. फोटो कापायच्या आधीची, अगदी पहिली प्रत होती ती. म्हणून कडेला आणखी काहीतरी आलं होतं. कॅमेऱ्यात यायला नको असलेला एक हात. कॉलर नीट करायला पुढे आलेला. मनगटावर हिरवं गोंदण, मधोमध ठिपका, भोवती ठिपक्यांची फुली.

अंगावर सर्रकन काटा आला. भर दुपारी, खाली दाजी कुणाला तरी "हनुवटी थोडी वर" म्हणून सांगत असताना.

आता तुम्ही म्हणाल, अँटिव्हायरसने उघडली असेल. ऑफिसातला मित्रही हेच म्हणाला, वर हसला. अरे बाबा, अँटिव्हायरस एकच फाइल कशाला उघडेल? तरी मी तो काढून टाकला. दुसऱ्या दिवशी फाइल उघडायची नाही असं ठरवून नुसती यादी बघितली. उघडल्याची वेळ पुन्हा नवीन. पुन्हा दुपार कलतानाची. मग मी डिस्कच काढली, डब्यात घातली, घरी आणून लोखंडी कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात. बायकोला सांगितलं, ऑफिसचं आहे. एका कोपऱ्यात बंद पडलेली डिस्क, तिला ना वायर ना वीज. सकाळी जोडून बघायचो, तर आदल्या दुपारी ती एक फाइल कुणीतरी उघडलेली असायची. तेवढी एकच.

घड्याळ चुकलं म्हणावं, तर डिस्कला घड्याळ नसतंच. वेळ कॉम्प्युटर लिहितो, आणि कॉम्प्युटर तर जोडलेलाच नव्हता. मग लिहीत कोण होतं?

रविवारी मात्र काही नाही. सोमवारी बघितलं तर शेवटची वेळ शनिवारचीच, आणि तीही दुपारच्या जेवणाआधीची. हे मला जास्तच विचित्र वाटलं, पण अर्थ लागेना. मग दिवाळी आली आणि सगळं थांबलं. रोज बघत होतो, वेळ हलेना. मी सुटकेचा निःश्वास टाकला. म्हटलं, डिस्कमध्ये काहीतरी खराबी होती, गेली. स्वतःलाच पटवायला माणसाला काहीही चालतं. फोटोची प्रत मी केव्हाच काढून ठेवली होती. फक्त ताईंचा पत्ता नव्हता, चंदनसार एवढंच. शोधायला दोनदा गेलो. साई अमुक, साई तमुक... कोण सापडतंय!

दिवाळीची सुट्टी संपली त्या दिवशीच त्या आपणहून आल्या. मी घरी जाऊन डिस्क आणली, पण काहीच सांगितलं नाही. मनात एक शंका होती, की मी दाखवेन त्या मुलीला त्या हो म्हणतील. म्हणून तो फोटो इतर मुलींच्या फोटोंत मिसळला आणि पहिल्यासारखं एकेक सरकवू लागलो. "नाय... नाय..."

मग तो आला.

त्या ओरडल्या नाहीत की रडल्याही नाहीत. पडद्यावर बोट टेकवलं आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "बाय, कालर बघ तुझी." खाडीकडच्या गावांत लेकीला बाय म्हणतात. आणि मग कडेचा तो हात त्यांना दिसला. टेबलावरचा स्वतःचा हात उचलून त्यांनी पडद्यावरच्या हाताशेजारी धरला, आणि मग जे रडू फुटलं ते आवरेना. दाजी शिडीवर अर्धे वर येऊन थांबले होते. त्यांचेही डोळे वाहत होते. नंतर म्हणाले सर्दी झालीय, पण ते जाऊ द्या.

"न कापताच द्या," ताई म्हणाल्या. "माझा हात ऱ्हाऊ द्या." मग जरा वेळाने, "आता माझा बी एक काढा. दोगींचा एका फ्रेमीत लावते." दाजींनी खास दिवे लावून त्यांचा फोटो काढला. पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता. फ्रेमसाठी दोन्ही फोटो मी त्याच डिस्कवर शेजारी शेजारी ठेवले.

प्रिंट होईपर्यंत चहा आला. ताईंची चुळबुळ सुरू झाली, घरी जायची. मी विचारलं, "ताई, घरी कोण वाट बघतंय?"

"कोन नाय," त्या म्हणाल्या. "शाला सुटते ना. आजपासून परत चालू झाली. पोरं जातात आमच्या दारावरनं. ती बी त्यातनंच यायची. त्या टायमाला मी दार उघडते. डोले मिटते आनि तिला बघायला बघते. ती येते, पन चेहरा नाय येत." मग म्हणाल्या, "शनवारी सकालची असते, लवकर सुटते. रयवारी नाय."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. काय बोलणार? की ताई, तुम्ही तिकडे चंदनसारला दार उघडता आणि माझ्या कपाटात फाइल उघडते? त्या फ्रेम छातीशी धरून निघाल्या, शाळा सुटायच्या आत पोचायचं होतं.

इथे संपलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं. एका आईची ओढ म्हणून कसंबसं स्वतःला समजावलं असतं.

त्या दिवसानंतर प्रणालीच्या फोटोची वेळ पुन्हा कधीच हलली नाही. प्रिंट काढली तीच शेवटची. मी महिनाभर बघितलं आणि मग डिस्क कपाटात पडून राहिली. पुढच्या वर्षी शाळा सुरू झाल्यावर दाजींनी नवीन मशीन घेतलं आणि जुने फोटो मागितले, म्हणून डिस्क काढली, जोडली. हात शिवशिवले. तिसऱ्या रकान्यावर क्लिक केलं.

सगळ्यात वर एक फाइल. वेळ कालची, दुपार कलतानाची.

ती प्रणालीची नव्हती. वनिताताईंचा फोटो होता तो. दाजींनी दिवे लावून काढलेला.

मी पुन्हा सगळं करून बघितलं. डिस्क काढली, कपाटात ठेवली, किल्ली खिशात. रोज उघडलेली. शनिवारी लवकर. रविवारी नाही. आधी मला वाटलं ताईंचं काही बरंवाईट झालं. जीव मुठीत धरून चंदनसारला चकरा मारल्या, आणि एक दिवस त्या मला भाजीवाल्यापाशी भेटल्या. ठणठणीत. भेंडी निवडत होत्या, भाजीवाल्याशी भांडत होत्या. सुटलो एकदाचा, असं वाटलं. आणि पुढच्याच क्षणी डोक्यात आलं, की मग त्यांचा फोटो रोज बघतंय कोण?

त्यांचा चेहरा बघून मला गप्प राहवेना. सांगावं की नाही, हा विचार नंतर केला, आधी सांगून टाकलं. तिथेच, पिशव्या हातात धरून. पहिल्यापासून सगळं. मला वाटलं होतं घाबरतील, किंवा मला वेड्यात काढतील. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "माझाच फोटो? रोज?"

"रोज. शाळा असेल त्या दिवशी."

"किती वेल बघते ती?"

मी सांगितलं ते खरं होतं, तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर होतं. "ते कळत नाही ताई. उघडल्याची वेळ लिहिली जाते. बंद केल्याची लिहिलेली नसते."

याला आता इतकी वर्षं झाली. डिस्क अजून माझ्याकडे आहे, जोडायची हिंमत होत नाही. ज्यांना ज्यांना कळतं अशांना विचारून झालं, कुणी समाधानकारक उत्तर दिलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर लिहा, फक्त अँटिव्हायरस म्हणू नका.

त्या दिवशी भाजीवाल्यापाशी ताईंनी माझं ते उत्तर ऐकलं. मग भेंडीची पिशवी हातात देऊन मला म्हणाल्या, "धर जरा." कपाळावरचे घामाने चिकटलेले केस त्यांनी दोन्ही हातांनी मागे सारले, अंबाडा सोडून नीट बांधला, पदराने चेहरा पुसला. पिशवी परत घेतली.

"जाते," त्या म्हणाल्या. "शाला सुटंल आता."